आधीच भरलेला फॉर्म

रुग्णवाहिकेत मागे बसणाऱ्या माणसाला रस्ता दिसत नाही. काचा दुधी असतात. आम्ही रस्ता अंगाने ओळखतो. डावीकडे दोनदा ढकलले गेलो की खाडीचा पूल आला, पाठीला सलग तीन हिसके बसले की बोर्ली पंचतनचा बाजार आला. एकोणीस वर्षं मी असाच मागे बसून फिरलो आहे. आमच्या टापूत एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर आणि मधल्या पट्ट्यात सुपारीच्या बागा. माझं काम सहाय्यकाचं. पेशंटला उचलायचं, ऑक्सिजन लावायचा, रक्तदाब बघायचा आणि रुग्णालय येईपर्यंत त्याचा जीव टिकवायची खटपट करायची. मी डॉक्टर नाही. तरीही वाड्यावस्त्यांवर सगळे मला डॉक्टरच म्हणतात. आधी मी दर वेळी दुरुस्ती करायचो. मग कंटाळलो आणि खरं सांगायचं तर, ते कानाला बरंही वाटायला लागलं.

या कामात भीती कायम असते. पूर्वी ती एकाच गोष्टीची होती. मागे मी एकटा असताना माणूस जाईल आणि काय केलं असतं तर तो राहिला असता, हे मला कधीच कळणार नाही. गाडीत पेटी आली तेव्हा ही भीती जाईल असं मला वाटलं होतं.

पेटी म्हणजे एक टॅब, त्याला कॅमेरा, आणि कार्डिओग्राम काढायचं छोटं यंत्र. पेशंटच्या छातीवर आणि हातापायांवर दहा चिकट्या लावायच्या, त्यांना वायरी जोडायच्या. काळजाचा ठोका टॅबवर रेघेसारखा उमटतो. ती रेघ शहरातल्या केंद्रात जाते. तिथे बसलेले डॉक्टर ती वाचतात, कॅमेऱ्यातून पेशंटला बघतात आणि काय द्यायचं, कुठे न्यायचं ते सांगतात.

लोकांना त्याची मोठी गंमत वाटायची. एक बागवाले आजोबा ओटीवरून पडले होते, कपाळ फुटलं होतं. टॅबवर डॉक्टर मॅडम दिसल्या तसे ते स्ट्रेचरवर उठून बसायला लागले.

"थांबा, बाई बगतायत. माजी टोपी आना."

"आजोबा, तिथेच तर फुटलंय," आमचे ड्रायव्हर यासीनभाई म्हणाले. "टोपी घालणार कशी?"

"मग दुसऱ्या अंगानं दाकवा."

पलीकडे मॅडम हसल्या. आमच्या बाजूच्या बऱ्याच केस याच मॅडमकडे जायच्या. वयाने लहान, पण आवाज शांत. एकदा घोणस चावलेल्या बाईला आणताना त्यांनी मला तिच्या हिरड्या कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितल्या. मला काहीच दिसलं नव्हतं. त्यांना रक्त दिसलं. गाडी कुठेही न थांबवता थेट मोठ्या रुग्णालयात न्यायला लावली आणि ती बाई वाचली. त्या दिवसापासून मॅडम म्हणतील ते मी प्रमाण मानायला लागलो.

याच्या उलटही एक झालं होतं. जाळं ओढताना छातीत कळ आलेला एक तरुण मला झटक्याचा पेशंट वाटला. रेंज नव्हती. मी आपल्या अकलेने त्याला माणगावच्या बाजूच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. निघाला स्नायू भरलेला. दोन तास गाडी आमच्या भागात नव्हती. केंद्रातल्या एका वरिष्ठ डॉक्टरांनी मला फोनवर सुनावलं, "वाचायचं काम आमचं. तुम्ही फक्त पाठवा." ते वाक्य माझ्या मनात फार खोल गेलं.

आता चूक सांगतो. ती समजायला आमची कामाची पद्धत थोडी कळायला हवी.

प्रत्येक केसचा टॅबवर फॉर्म भरावा लागे. रकानेच रकाने. कार्डिओग्राम जोडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचा नाही. भरायला सात-आठ मिनिटं जायची. शिवाय पेशंटजवळ पोचल्यापासून पहिला कार्डिओग्राम निघेपर्यंत किती वेळ गेला, हे केंद्र मोजायचं. उशीर झाला की विचारणा. त्यात रोज सकाळी यंत्र नीट चालतंय हे पाहायला एक चाचणी कार्डिओग्राम काढायचा असे. तो मी माझाच काढायचो. शर्ट वर करून स्ट्रेचरवर आडवा व्हायचो आणि यासीनभाई चिकट्या लावायचे, काढायचे.

"भाऊ, छातीवरचे केस काढ एकदाचे," ते म्हणायचे. "रोज उपटताना दुखतं मलाच."

तेव्हा मला एक युक्ती सुचली. सकाळचा माझा कार्डिओग्राम एका फॉर्मला जोडायचा, बाकीचे रकाने भरून टाकायचे आणि फॉर्म तयार ठेवायचा. केस आली की फक्त नाव आणि वय बदलायचं, पेशंटचा नवा कार्डिओग्राम काढायचा. नवा आला की जुन्याच्या जागी बसायचा. सहा मिनिटं वाचायची. सहा मिनिटं म्हणजे आमच्या कामात पुष्कळ. माणगावला सगळ्या गाड्यांच्या लोकांची बैठक असते, तिथे मी ही युक्ती करून दाखवली. 'भाऊंचा फॉर्म' असं तिला नावच पडलं.

रेंज असताना नवा कार्डिओग्राम जुन्याच्या जागी बसतो, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. रेंज नसताना काय होतं, हे कोणी पाहिलं नव्हतं.

भातकापणीचे दिवस होते. दुपारचा फोन आला. डोंगराच्या कुशीतली एक वाडी, तिथे रेंजचं नाव नाही. फोनसुद्धा कोणीतरी टेकाडावर चढून केला होता. पेशंट यशोदाबाई, पन्नाशीच्या. खळ्याच्या कडेला गोणपाटावर बसल्या होत्या. अंगावरचं लुगडं घामाने भिजलेलं. शेजारी त्यांचे यजमान धाकूदादा आमसुलाचं पाणी घेऊन उभे.

"पित्त हाय, डॉक्टर," धाकूदादा म्हणाले. "सकाळधरनं दोनदा उलटी झाली. मी म्हनत व्हतो, गाडी कशाला. पोरं ऐकत न्हायत."

"छातीत दुखतंय का, काकी?"

"छातीत न्हाय रं. हितं." त्यांनी जबडा दाखवला. "दात ठनकल्यावानी. आनी ह्यो खांदा."

मला ते आवडलं नाही. बायकांच्या काळजाचं दुखणं पुष्कळदा छातीत बोलत नाही, जबड्यात बोलतं, पाठीत बोलतं. गाडीत घेऊन चिकट्या लावल्या. तयार फॉर्म उघडला, नाव बदललं, वय बदललं. कार्डिओग्राम काढला. टॅबवर रेघ उमटली. जिथे रेघेने खाली यायला हवं, तिथे ती फणा काढून उभी होती. मी डॉक्टर नाही, पण एवढ्या वर्षांत तसा फणा आठ-दहा वेळा बघितला होता.

टॅबने लिहिलं, 'रेंज मिळताच पाठवले जाईल.' आम्ही निघालो. वळणावर रेंज आली, बारीक आवाज झाला, 'पाठवले' असं आलं. मिनिटाभरात मॅडम दिसल्या.

"यशोदाबाई ना? कार्डिओग्राम बघितला. नॉर्मल आहे. पित्ताचं वाटतंय. जवळच्या रुग्णालयात न्या, तिथे बघतील."

मी म्हणालो, "मॅडम, घाम फार आहे."

"उन्हात काम करत होत्या का?"

"हो."

"मग तेच. पाणी कमी पडलं असेल."

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं: मॅडम, पुन्हा बघा, मला रेघ वेगळी दिसतेय. सात शब्द. मी ते म्हटले नाहीत. मला वाटलं, माझेच डोळे चुकले. वाचायचं काम त्यांचं. काळजाच्या झटक्यात चघळायला देतात ती गोळी माझ्या हाताशी होती, पण परवानगीशिवाय ती द्यायची नसते. मॅडमचं चित्र गेलं, रेंज गेली.

फाट्यावर यासीनभाईंनी पुढून, मधल्या जाळीतून विचारलं, "कुठे, भाऊ? जवळचं की मोठं?"

"जवळचं."

"नक्की? तुझा आवाज तसा नाय वाटत."

"मॅडम बोलल्या."

जवळच्या रुग्णालयात मी मॅडमचंच वाक्य सांगितलं. तिथे काकींना सलाइन लावलं. पाऊण तास गेला. पुन्हा उलटी झाली, ओठ निळसर पडले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी स्वतः कार्डिओग्राम काढला. हातात कागद घेऊन ते माझ्याकडे आले.

"हे तुम्हाला नॉर्मल दिसलं?"

"केंद्रातून नॉर्मल सांगितलं," मी म्हणालो.

हे खरं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा लपलो तो या खऱ्या वाक्याच्या मागे.

त्यांनी काकींना ती गोळी चघळायला दिली आणि आम्ही पुन्हा निघालो, आता मोठ्या रुग्णालयाकडे, तासाभराची वाट. धाकूदादा काकींचे पाय धरून बसले होते. एव्हाना रेंज हा शब्द त्यांना कळला होता. दर वळणावर विचारायचे, "आता हाय?" मी म्हणायचो, "नाही." पुढच्या वळणावर पुन्हा, "आता?"

मॅडमना विचारायला पहिला कार्डिओग्राम पुन्हा उघडावा म्हणून मी टॅब हातात घेतला. यशोदाबाईंच्या नावाखाली दोन कार्डिओग्राम होते. एक दुपारचा. त्याला फणा होता, आणि पहिल्या वळणानंतर रेंज गेल्यामुळे तो बऱ्याच उशिराने, आम्ही जवळच्या रुग्णालयाच्या दारात असताना केंद्रात पोचला होता. तोवर मॅडम दुसऱ्या केसवर गेल्या होत्या. आणि आधी गेलेला, मॅडमनी वाचलेला, तो सकाळी आठ वाजून दहा मिनिटांचा होता. स्वच्छ, एकसारखा. माझा.

रेंज नसताना टॅबने जुना पुसला नव्हता. दोन्ही ठेवून ओळीने पाठवले होते. केंद्रात काढल्याची वेळ दिसत नाही, पोचल्याची दिसते.

पुढे जे केलं ते मी बायकोलाही पुष्कळ दिवस सांगितलं नव्हतं. मी तो माझा सकाळचा कार्डिओग्राम पुसायचं बटण शोधायला लागलो. केंद्रात गेलेला तिथे राहणारच होता, माझ्याकडचा पुसून काय होणार, एवढंही तेव्हा सुचलं नाही. बोट आपोआप चालत होतं. सापडलं, दाबलं, 'नक्की पुसायचे का' असं विचारलं गेलं, तेही दाबलं.

"डॉक्टर," धाकूदादा म्हणाले. "ही बोलत न्हाय."

मी वर बघितलं. काकींची मान कलली होती. किती वेळ कलली होती, मला माहीत नाही. मनगटावर नाडी लागेना. मानेवर लागली, फार बारीक. ऑक्सिजन वाढवला, पाय उंच केले, नाव घेऊन हाका मारल्या. दोनेक मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले. ती दोन मिनिटं मी अजून पूर्ण ओलांडलेली नाहीत. माणूस समोर जात असताना मी खाली मान घालून माझा पुरावा पुसत होतो.

मोठ्या रुग्णालयात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. काकी वाचल्या. पण काळजाचा बराच भाग उशीर झाल्यामुळे कायमचा गेला. घरी आल्यावर डोंगरावरचं शेत त्यांना बंद झालं. ओट्यावरून अंगणात उतरलं तरी धाप लागायची. आणि धाकूदादा? दिवाळीच्या आधी ते नव्या भाताचे पोहे घेऊन आमच्या गाडीजवळ आले.

"तुमच्यामुळं माणूस ऱ्हायलं," म्हणाले. "न्हायतर आमी पित्तच म्हनत बसलो असतो."

मी पिशवी घेतली. घरी बायकोने पोहे कालवले, मी ताटली न खाता बाजूला सारली. तिला वाटलं मलाच पित्त झालंय.

त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला, स्वतःच्या नंबरवरून.

"भाऊ, त्या यशोदाबाईंची कार्डिओग्रामची पहिली पट्टी. ती त्यांचीच होती ना? मी दहा वेळा बघितली. ती नॉर्मलच आहे. मग तासाभरात दुसरी अशी कशी?"

मी म्हणालो, "हो मॅडम, त्यांचीच."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मलाच काहीतरी दिसलं नाही." महिन्याभरात त्यांनी केंद्रातलं काम सोडल्याचं कळलं.

तेव्हापासून मला फोनच्या आवाजाची भीती बसली. चौकशीची होतीच, पण तेवढीच नव्हती. केस आली की वाटायचं, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीत, दुसऱ्या कुठल्या तरी वाडीत, आत्ता या क्षणी कोणाच्या तरी नावावर सहाय्यकाचं धडधाकट काळीज निघालं असेल. सहा गाड्यांना मीच शिकवलं होतं. मी माझा तयार फॉर्म बंद केला होता. त्यांना थांबवायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी गप्प होतो, आणि प्रत्येक दिवस कोणाचं ना कोणाचं माणूस पणाला लावून जात होता.

यासीनभाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी चिकट्या काढताना मला एवढंच म्हटलं, "मी रस्ता बघत होतो, मागचं मला माहीत नाय. कोण विचारलं तर हेच सांगेन. पण भाऊ, तू सांगून टाक. तू आजकाल वळणावर पण दचकतोस. इतकी वर्षं तुझं अंग रस्ता ओळखत होतं."

माणगावच्या पुढच्या बैठकीत चार नवीन माणसं होती. एका गाडीवरच्या ताई त्यांना टॅब दाखवत होत्या. "आणि ही बघा, भाऊंची युक्ती. सकाळीच आपला एक जोडून ठेवायचा..." नवे लोक माझ्याकडे कौतुकाने बघायला लागले. मी उभा राहिलो. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. सगळं सांगितलं. नाव, वाडी, आठ वाजून दहा, पुसलेलं बटण, मॅडमना बोललेलं खोटं. ताईंनी टॅब उलटा करून मांडीवर ठेवला. आणखी दोघांनी आपापले टॅब काढून तपासले. एकाच्या गाडीत तसाच जुना कार्डिओग्राम एका म्हाताऱ्याच्या नावावर गेलेला सापडला. तो म्हातारा सुदैवाने नुसताच तापाचा होता.

मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि दोन महिने कामावरून दूर ठेवलं. फॉर्म बदलण्यात आला. आता पेशंटचं नाव घातल्याशिवाय यंत्र चालूच होत नाही, आणि चाचणी वेगळ्या ठिकाणी जाते. मॅडमना मी फोन केला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मी घरी बसून रोज ती पट्टी वाचतेय, भाऊ." आणि फोन ठेवला. पुन्हा मी त्यांना त्रास दिला नाही. माफी मागायची तर त्यांनी ती ऐकायला हवी, आणि तेवढंही मागायचा माझा हक्क मला दिसत नव्हता.

मग वाडीवर गेलो. काकी ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या, धाकूदादा विळ्याला धार लावत होते. मी उभ्यानेच सांगितलं. साध्या शब्दांत, दोनदा, कारण पहिल्यांदा धाकूदादांना कळलं नाही.

काकींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हंजे त्या बाईनं तुजं काळीज बगितलं? माजं म्हनून?"

"हो, काकी."

"तुजं बरं हाय नव्हं?"

धाकूदादा उठले. विळा आढ्याला अडकवला आणि घरामागे निघून गेले. मी बराच वेळ थांबलो. ते परत आले नाहीत. काकी म्हणाल्या, "जा आता तू. त्येस्नी येळ लागंल." मग जरा थांबून, "मला बी."

मी कामावर परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच वाडीवरून फोन आला. काकींना धाप लागली होती, झोपवत नव्हतं. यासीनभाईंनी गाडी काढली. मला वाटत होतं, धाकूदादा दारातूनच परत पाठवतील, आणि दुसरी गाडी यायला तास लागेल. ते दारात उभे होते. माझ्याकडे बघितलं, बाजूला झाले.

गाडीत मी चिकट्या लावायला लागलो तसे ते आत चढले. एकेक वायर त्यांनी काकींच्या अंगापासून बोटाने धरली आणि पेटीपर्यंत नेली. दहाही वायरी. मी थांबलो, घाई केली नाही. मग त्यांनी हात पेटीवरच ठेवला.

"कोनाचा काडताय?"

"काकींचा."

"नाव सांगा त्या यंत्राला."

मी नाव घातलं, त्यांना वाचून दाखवलं. कार्डिओग्राम काढला. रेघ वाईट होती, पण नवीन फणा नव्हता. वळणावर रेंज आली. टॅबवर नवे डॉक्टर दिसले. मी त्यांना आधी सांगितलं, ही पट्टी यशोदाबाईंची, आत्ता माझ्यासमोर काढलेली, वेळ अमुक, मला त्यात हे दिसतंय, तुम्ही बघा आणि माझं चुकत असेल तर सांगा.

डॉक्टर वाचत होते. धाकूदादांचा हात अजून पेटीवर होता.

"पुन्ना सांगा," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं.